कंपवात लवकर ओळखायला मेंदूच्या स्कॅनचा आग्रह धरावा का?

गोदाकाठ
धरावा, असं माझं ठाम मत. हाताला कंप सुटेपर्यंत मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी निम्म्याच्या आसपास गेलेल्या असतात. नांदेड-परभणीकडे असा रुग्ण खांदा आखडला म्हणून कित्येक महिने शेक घेत बसतो. ट्रोडॅट स्कॅन म्हणजे किंचित किरणोत्सारी द्रव्य टोचून याच पेशींचं काढलेलं चित्र. त्यात निरोगी मेंदूत दोन्हीकडे स्वल्पविरामाचा आकार उमटतो. आजारात शेपटी पुसट होत जाते, बहुधा एका बाजूची आधी, आणि उरतो नुसता पूर्णविराम. हे दिसत असताना वाट कशाला बघायची?

मांजरातीर
शेपटी गेली म्हणजे कंपवातच, असं नाही. एमएसए आणि पीएसपी हे कंपवातासारखे दिसणारे, झपाट्याने वाढणारे मेंदूचे आजार वेगळे, पण त्यांतही चित्र तसंच येतं. शिवाय पेशींची झीज थांबवणारं औषध आजही हाती नाही. लिव्होडोपा या कंपवातावरच्या नेहमीच्या गोळीने हालचाल सुधारते, झीज चालूच राहते.

स्कॅनआधी रुग्णाची गोळ्यांची पिशवी टेबलावर ओता. पित्ताच्या कॅप्सूलच्या पट्टीवर बारीक अक्षरात लेव्होसल्पिराइड लिहिलेलं असतं. चक्करेची सिनारिझिन, अर्धशिशीची फ्लुनारिझिन, उलटीची मेटोक्लोप्रामाइड, सगळी डोपामिनची वाट अडवणारी. डॉक्टरांच्या सल्ल्याने ती थांबवली की बहुतेकांचा कंप काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उतरतो. पित्ताची कॅप्सूल वर्षभर चालू राहते आणि कुणी विचारतही नाही, हे मला फार लागतं.

गोदाकाठ
मग औषध बंद करूनही कंप राहिला तर? नुसत्या औषधाचा कंप असेल तर पेशी शाबूत, म्हणजे स्कॅन नॉर्मल. एसेन्शियल ट्रेमर या हात थरथरण्याच्या वेगळ्या आजारातही नॉर्मल. अमेरिकेत 2011 साली आयोफ्लुपेन स्कॅनला, म्हणजे ट्रोडॅटसारख्याच दुसऱ्या स्कॅनला, मंजुरी मिळाली ती एसेन्शियल ट्रेमर वेगळा ओळखायला.

मांजरातीर
बरोबर, पण ते शंकेच्या रुग्णासाठी. धडधाकट माणसाला रांगेत उभं करायला नव्हे.

गॅमाकक्ष
दोघांनाही एक सांगतो, एफ-डोपा पेट या दुसऱ्या डोपामिन स्कॅनच्या मागे लागू नका. त्यातलं किरणोत्सारी फ्लोरिन-18 दर 110 मिनिटांनी निम्मं होतं. हैदराबादहून नांदेडला गाडीला साडेपाच तास लागले तर जेमतेम एक-अष्टमांश उरतं. ट्रोडॅटला किरणोत्सारी टेक्नेशियम लागतं, हाडांच्या स्कॅनचंच. ते सहा तासांनी निम्मं होतं आणि स्कॅन केंद्रात ठेवलेल्या छोट्या जनरेटर-संचातून जागेवर काढता येतं.

सुई दिल्यावर चारेक तास थांबायचं, लघवीला जाऊन यायचं, मग अर्धा-पाऊण तास डोकं स्थिर. घोटाळा इथंच होतो. डोकं हललं की शेपटी धूसर होते आणि नसलेला पूर्णविराम दिसतो. वाकडं ठेवलं तर दोन बाजू उगाच असमान येतात. म्हणून पट्टा बांधा, मानेखाली आधार द्या, आणि कच्ची चित्रं फिरवून हालचाल तपासल्याशिवाय रुग्णाला सोडू नका. बुप्रोपियॉन किंवा मिथाइलफेनिडेट ही औषधं चित्र बिघडवू शकतात, चालू असतील तर आधी कळवा. लिव्होडोपा सहसा बंद करावी लागत नाही.

गोदाकाठ
हे पटलं. पण झोपेत स्वप्नातल्या हाणामारीसारखे हातपाय झाडणारे, वास गेलेले लोक? त्यांच्यातल्या अनेकांना पुढे हा आजार होतो.

मांजरातीर
त्यांना जरूर बोलवा, पण आधी डोळ्यांनी तपासा. अंगठ्यावर तर्जनी दहा वेळा आपटायला लावा. फट दरवेळी लहान होत जाते का बघा. तेच वाक्य चार ओळी लिहून घ्या, शेवटच्या ओळीत अक्षर मुंगीएवढं होतं का? चालताना एकच हात झुलतो का? दर सहा महिन्यांनी पुन्हा. यातलं काही दिसलं, पण निदान पक्कं होईना, तर गाडी करून स्कॅनला पाठवायला माझी ना नाही.