रोज ९ किमी ऑफिस: साधी सायकल की ती झोपून चालवायची कवचवाली?

चेन_उतरली:
मंडळी, ऑफिस एका बाजूने ९ किमी, कारने सिग्नल धरून पाऊण तास जातो म्हणून आता पायडल मारतच जायचं ठरवलंय. पण व्हिडिओ बघून बघून डोकं फिरलंय, ती तीन चाकांची व्हेलोमोबिल असते ना, पूर्ण कवचवाली, ती जाम मनात भरलीये. पाऊस लागत नाही, तोल जात नाही आणि म्हणे साध्या सायकलपेक्षा कितीतरी फास्ट. वाटेत एक मोठा पूल आहे, चढ बऱ्यापैकी. कोणी रोज चालवतं का? आणि घामाचं काय करता?

मडगार्ड:
फास्ट आहे, पण कुठे ते बघ. वेग दुप्पट केला की नुसती हवा कापायला आठपट ताकद लागते, त्यामुळे मोकळ्या सपाट रस्त्यावर ३५-४० ला कवच कमाल करतं. अरे नुसतं झोपून चालवल्यानेही फरक पडतो, १९३३ ला फ्रान्सिस फॉर या फ्रेंच रेसरने तसल्या सायकलवर तासाभरात ४५ किमी काढले तर यूसीआयने (सायकल रेसची जागतिक संघटना) पुढच्याच वर्षी त्या सायकली रेसमधून बाद केल्या!! पण तुझ्या रस्त्यावर सारखे सिग्नल, तिथे हवा नाही, वजन नडतं. कवचवाली २५-३५ किलो, साधी १२-१५. दर सिग्नलला ते धूड परत शून्यापासून ओढायचं, आणि पुलावर तर विचारूच नको.

आडवा_पडलेला:
मी दोन वर्षं झोपून चालवायची तीनचाकी वापरतोय, बिनकवचाची. कंबर आणि मनगटं दुखायची थांबली आणि सिग्नलला पाय टेकावा लागत नाही, एवढं सुख. पण इतकी बुटकी की बसच्या चाकाचे नट डोळ्यासमोर येतात, ड्रायव्हरला मी दिसतच नाही म्हणून मागे उंच काठीला झेंडा लावलाय. गाड्यांच्या फटीतून निसटणं विसरा. चढावर उभं राहून जोर देता येत नाही, गिअर खाली टाकून गपगुमान पाय फिरवत बसायचं. वरच्या मजल्यावर राहत असशील आणि खाली कुलूपबंद जागा नसेल तर विषयच सोड.

पँटक्लिप:
घामाबद्दल, कवचात उलट जास्त येतो कारण वारा लागत नाही. तसंही आपण खर्च करतो त्यातला चौथा हिस्साच पायडलपर्यंत पोचतो, बाकी सगळी उष्णता. म्हणून सकाळी रमतगमत जा, मर्दुमकी संध्याकाळी घरी येताना दाखव. बॅग पाठीवर नको, कॅरिअरला लाव, अर्धा घाम तिथेच वाचतो. पुलाची फारच धास्ती असेल तर पायडल असिस्टवाली (पायडल मारताना छोटी मोटर मदत करते ती) बघ. आणि सीट उंच कर रे बाबा, निम्म्या लोकांचे गुडघे सीट खाली ठेवल्यानेच बोंबलतात.

चेन_उतरली:
मित्राची जुनी गिअरवाली घेऊन रविवारी रिकाम्या रस्त्याने जाऊन आलो, ४० मिनिटं, पुलावर एकदा उतरून ढकलली (कोणी बघितलं नाही). सोमवारी भर ट्रॅफिकमध्ये ४३. कार त्या दिवशी पण पाऊण तासच घेते की! सध्या हीच चालवतो. आडवा भाऊ, त्या झेंड्याचा फोटो टाका ना.