मेलबर्नजवळ मॅसेडॉन रेंजेसला कोणी गेलंय का?

प्रश्न: आईबाबा नाशिकहून आलेत, यारा व्हॅली (मेलबर्नजवळचा दुसरा वाइनचा भाग) दोनदा झाली, आता इथे जावं म्हणतोय. एक दिवस पुरेल का?

उत्तर १: आरामात, तासाभराचा तर रस्ता. पण शनिवार-रविवारच जा, वाइनरीज छोट्या आहेत, आधी फोन करून घ्या. मेनलँड ऑस्ट्रेलियातला सगळ्यात थंड वाइनचा भाग हा, द्राक्षं सावकाश पिकतात म्हणून आंबटपणा टिकतो, स्पार्कलिंग वाइन आणि पिनो न्वार (हलकी रेड वाइन) चुकवू नका! आम्ही ऑक्टोबरात गेलो तेव्हा वेलींना नखाएवढे कोंब होते, बाबा वाकून बघतच राहिले, आपल्याकडे तेव्हा छाटणी चालू असते ना.

उत्तर २: तिथल्या वुडएंड गावापर्यंत ट्रेन आहे पण पुढे गाडी लागतेच. हँगिंग रॉक (तिथलाच खडकाळ डोंगर) पण करा, आणि स्वेटर न्याच.

प्रश्नकर्ता: मस्त, येत्या शनिवारी निघतोच, थँक्यू!