पांढरपेशा गुन्हेगार: आधी तुरुंग की आधी वसुली?

जमाखर्च
बँक बुडवणाऱ्याला दहा वर्षं आत टाकलं तर ठेवीदाराच्या हातात काय पडतं? पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले तेव्हा सहा महिन्यांत खात्यातून १,००० रुपये काढायची मुभा होती. मर्यादा पुढे वाढत गेली खरी, पण २०२२ च्या विलीनीकरण योजनेत पाच लाखांवरच्या रकमेचा शेवटचा हप्ता दहा वर्षांनी ठेवला. सत्तरीतल्या ठेवीदाराने दहा वर्षं कसली वाट बघायची? पैसा परत करणाऱ्याला शिक्षेत सूट द्या, मालमत्ता चालू भावात विकू द्या. सूडापेक्षा वसुली बरी.

फौजदारी
साफ असहमत. सूट ठरली की हा धंदाच होतो. पकडलो नाही तर सगळं आपलं, पकडलो तर मुद्दल परत, तीही काही वर्षं बिनव्याजी वापरून. यात तोटा कुठाय? कंपनी कायदा २०१३ च्या कलम ४४७ मध्ये दहा वर्षांपर्यंत कैद आणि फसवणुकीच्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड आहे. सार्वजनिक हित गुंतलेलं असेल तर किमान तीन वर्षं. कायदा पुरेसा कडक आहे, अडतंय ते वेळेवर. सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या खोट्या हिशेबांची अध्यक्षांनी दिलेली कबुली ७ जानेवारी २००९ ची. निकाल एप्रिल २०१५ मध्ये लागला, सात वर्षांची सक्तमजुरी झाली, आणि पुढच्याच महिन्यात शिक्षा स्थगित होऊन जामीन!

जमाखर्च
@फौजदारी, खटल्याला सहा वर्षं लागतात हा तर माझ्याच बाजूचा पुरावा झाला. डिसेंबर २०२४ मध्ये अर्थमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलेले आकडे बघा: मल्ल्या प्रकरणात बँकांकडे १४,१३१ कोटी परत आले, नीरव मोदी प्रकरणात १,०५२ कोटी. पहिल्यात मोठा वाटा युनायटेड ब्रुअरीजच्या शेअरचा. बाजारात भाव असलेली वस्तू, जप्त केली आणि विकली. हिऱ्यांच्या साठ्याचं तसं नाही. कागदावर एक किंमत, लिलावात भलतीच. म्हणून जप्ती पहिल्या आठवड्यात हवी, आरोपपत्राची वाट बघत नव्हे.

ताळेबंद
तुम्ही दोघंही घोडं पळाल्यावरचं बोलताय. नीरव मोदी प्रकरणात पंजाब नॅशनल बँकेत नेमकं काय झालं ते बघा. आयातदाराच्या कर्जासाठी परदेशातल्या बँकेला हमी देणारी पत्रं, म्हणजे एलओयू, स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यावरून गेली, पण स्विफ्ट कोअर बँकिंगला, म्हणजे बँकेच्या हिशेबाच्या मुख्य यंत्रणेला, जोडलेलं नव्हतं. स्विफ्टवरचा संदेश हाताने दुसऱ्या यंत्रात चढवायचा, तो चढवलाच नाही. त्यामुळे शाखेच्या पुस्तकात देणं शून्य. मुदत संपली की नवा एलओयू काढून जुना फेडायचा. मोती-हिऱ्यांच्या आयातीला उधारीची मुदत ९० दिवसांची असताना हमीपत्रं ३६५ दिवसांची होती. समोरच्या बँकांनीही विचारलं नाही. संबंधित अधिकारी वर्षानुवर्षं त्याच शाखेत. तो निवृत्त झाल्यावर, जानेवारी २०१८ मध्ये, नव्या माणसाने १०० टक्के मार्जिन, म्हणजे हमीइतकी रोख रक्कम आधी, मागितलं. "आधी कधीच द्यावं लागलं नव्हतं," असं उत्तर आलं, नोंदी शोधल्या तर नोंदच नाही!

गंमत म्हणजे (गंमत कसली) रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१६ पासून स्विफ्टबद्दल बजावलं होतं. जोडणीची ३० एप्रिल २०१८ ही मुदत मात्र घोटाळा फुटल्यावर घातली गेली.

पीएमसीतही तीच फट. एचडीआयएल या बांधकाम कंपनीची ४४ खाती झाकायला २१,०४९ बनावट कर्जखाती दाखवली, पण ती कोअर बँकिंगमध्ये उघडलेली नव्हती; फक्त रिझर्व्ह बँकेच्या तपासणीला दिलेल्या यादीत होती. तपासनिसाने बँकेने दिलेली यादी न घेता थेट यंत्रातून स्वतः उतारा काढला असता तर?

आयातदार
एक गोष्ट सगळे विसरतात. मार्च २०१८ मध्ये एलओयूच बंद केले गेले. ज्याचं एकही देणं थकलं नव्हतं त्या छोट्या आयातदाराचा स्वस्त परकीय चलनातला कर्जाचा रस्ताही बंद झाला. चोरी मोजक्यांनी केली, वाढीव व्याज सगळ्यांच्या बोकांडी.

फौजदारी
@ताळेबंद, यंत्रणेचं पटतं, पण अर्धंच. संवेदनशील जागेवरच्या कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा सलग किमान दहा कामकाजाचे दिवस अचानक रजेवर पाठवायचा नियम आहे, उत्तम आहे. ती जागा दुसरा सांभाळतो तेव्हा लपवलेलं वर येतं. पण यादी रचायला व्यवस्थापकीय संचालकच बसला असेल तर रजेवर पाठवणार कोण? तिथे ऑडिटर आणि संचालक मंडळाच्या खिशालाच हात घालावा लागतो. सत्यमच्या मुदत ठेवींच्या पावत्या कंपनीकडून घेतल्या गेल्या. स्वतः बँकेला पत्र लिहून खात्री केली असती तर एका टपालात भांडं फुटलं असतं.

जमाखर्च
हे मान्य. पण सूट नकोच, यावर मी अजून ठाम नाही. आणि ठेवीदारांसाठी: पाच लाखांचं विमाकवच खात्यामागे नाही, एका बँकेत एका ठेवीदारामागे आहे, मुद्दल आणि व्याज धरून. चार शाखांत चार पावत्या केल्या तरी पाचच लाख. ठेव विमा कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत ते मिळायला हवेत.