मदत हवी आहे: ‘आर’मध्ये मासेमारीच्या नोंदी नकाशावर टाकल्या, पण रत्नागिरीसमोरचा समुद्र रिकामा दिसतोय

नमस्कार मंडळी. मी मत्स्यशास्त्राची विद्यार्थिनी आहे. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या ११ ट्रॉलर्सच्या तांडेलांनी (बोट चालवणाऱ्या प्रमुखांनी) त्यांच्या जीपीएसवरून लिहिलेल्या वह्या मला अभ्यासासाठी दिल्या आहेत. जाळं कुठे टाकलं, किती तास ओढलं, पाणी किती वाव (एक वाव म्हणजे साधारण १.८ मीटर), बांगडा किती, राणे किती, माकूल किती, असं सगळं त्यात आहे. या वह्या दुसऱ्या एकाने एक्सेलमध्ये भरल्या आणि सीएसव्ही फाइल माझ्याकडे आली. एकूण ६४० नोंदी, ऑगस्ट ते मे. जून-जुलैच्या बंदीचे दोन महिने अर्थातच नाहीत.

‘आर’ या आकडेमोडीच्या संगणकभाषेतली एसएफ (नकाशासाठी) आणि जीजीप्लॉट (आलेखासाठी) ही पॅकेजेस मी वापरते. पहिल्या दिवशी सगळे ठिपके नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात पडले. अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झाली होती, ते कळलं. एसएफला आधी रेखांश आणि मग अक्षांश द्यावा लागतो.

आता ठिपके कोकणासमोर येतात, तरी नकाशा पटत नाही. १६.६ ते १७.० अक्षांशाच्या पट्ट्यात अगदी तुरळक ठिपके आहेत. म्हणजे जैतापूरपासून रत्नागिरीपर्यंतचा समुद्र जवळपास मोकळा आणि विजयदुर्ग-देवगडसमोर नुसती गर्दी. रेखांशातही ७२.६ ते ७३.० असाच उभा पट्टा जवळपास रिकामा आहे. रत्नागिरीच्या बोटी रत्नागिरीसमोर जाळं टाकत नाहीत, हे कसं शक्य आहे? एका तांडेलकाकांना मोबाइलवर नकाशा दाखवला. ते म्हणाले, “पोरी, ही जागा आमची नव्हं. इथं पाणी लई खोल.” वहीत २० वाव लिहिलंय आणि खोलीच्या नकाशावर त्या जागी बरंच जास्त पाणी आहे, त्यामुळे काका बरोबरच असणार.

ठिपके कोणत्या प्रक्षेपणात आहेत ते मी ४३२६ (जीपीएसच्या अक्षांश-रेखांशाचा सांकेतिक क्रमांक) असं दिलं आहे. तिथे काही चुकतंय का? शिवाय दर तासाला किती किलो मासळी मिळाली हे रंगाने दाखवायचं आहे, ते चौकोनांची जाळी करून दाखवावं की ठिपक्यांनी? या लोकांनी विश्वासाने वह्या दिल्या आहेत, त्यांना चुकीचा नकाशा परत दाखवायची माझी तयारी नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

प्रक्षेपण ठीक आहे, त्याला हात लावू नका. तुमचे रिकामे पट्टेच सगळं सांगताहेत. दोन्ही पट्टे .६० पासून सुरू होऊन पुढच्या पूर्णांकाला संपतात. बोटीवरचा जीपीएस बहुधा अंश आणि दशांश मिनिटं दाखवतो. १६ अंश ५९.५ मिनिटं ही जागा कोणीतरी १६.५९५ अशी भरली आणि ‘आर’ने ती दशांश अंश म्हणून वाचली. मिनिटं ६० च्या पुढे जात नाहीत, म्हणून .६० ते .९९ हा भाग कधीच भरत नाही. खरा आकडा १६.९९१७ आहे. फरक जवळपास २४ सागरी मैलांचा, म्हणजे ४४ किलोमीटर. रत्नागिरीसमोरची जागा विजयदुर्गासमोर गेली ती अशी.

उपाय असा: फ्लोअर (अपूर्णांक टाकून पूर्णांक देणारी आज्ञा) वापरून पूर्ण अंश वेगळे काढा, उरलेल्या भागाला १०० ने गुणून ६० ने भागा आणि अंशांत मिळवा. मात्र सरसकट सगळ्या फाइलवर चालवू नका. आधी बोटनिहाय गट करून अपूर्णांकाची कमाल किंमत पाहा. एखाद्या बोटीची .६० च्या वर गेली, तर तिचा जीपीएस दशांश अंशांवरच लावलेला आहे, ती तशीच ठेवा.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. नकाशावरच्या चौकोनांच्या जाळीबद्दल सांगतो. तुमचा ठिपका म्हणजे जाळं टाकलं ती जागा. ३ नॉट (ताशी ३ सागरी मैल) वेगाने ३ तास ओढलं तर बोट ९ सागरी मैल, म्हणजे साधारण १७ किलोमीटर पुढे जाते. त्यामुळे ०.१ अंशाची जाळी, जी इथे जेमतेम ११ किलोमीटरची होते, नसलेली अचूकता दाखवेल. पाव अंशाची करा.

चौकोनातला दर काढताना प्रत्येक ओढीच्या दरांची सरासरी घेऊ नका. एकाने १ तासात ४० किलो काढले, दुसऱ्याने ४ तासांत ६०. दरांची सरासरी २७.५ येते, पण खरं तर ५ तासांत १०० किलो, म्हणजे २०. आधी किलोंची बेरीज, तासांची बेरीज, मग भागाकार.

आणि एक कळकळीची विनंती. ठिपक्यांचा नकाशा छापू नका. जागा ही तांडेलाची कमाई असते. ज्या चौकोनात तीनपेक्षा कमी बोटी आहेत तो राखाडी ठेवा. काही देशांत मासेमारीची आकडेवारी प्रसिद्ध करताना असाच नियम पाळतात.

धागा काढणारीकडून

दोघांचेही मनापासून आभार! बोटनिहाय पाहिलं तर १० बोटी मिनिटांवर होत्या आणि एक दशांश अंशांवर. दुरुस्तीनंतर पट्टे भरले आणि रत्नागिरीसमोर ठिपके आले.

पण आता ९ ठिपके जमिनीवर आहेत. त्यांतले दोन तर थेट गगनबावड्याजवळ घाटात!

प्रतिसाद १

नॅचरल अर्थ या मोफत नकाशा-माहितीसंचातला किनारा कोणत्या प्रमाणाचा घेतलात? काही न निवडता आपोआप येणारा जाडाभरडा असेल तर खाडीच्या तोंडाजवळचे ठिपके जमिनीवर दिसणारच. १:१ कोटीचा सूक्ष्म किनारा घ्या, त्याचं पॅकेज वेगळं बसवावं लागतं. घाटातल्या दोनची गोष्ट वेगळी आहे. त्यांचा रेखांश ७३.५ असा आहे का? मग ते ७३ अंश ५ मिनिटं असावं. भरणाऱ्याने ०५ मधलं शून्य गाळलं आणि आपल्या सूत्राने त्याची ५० मिनिटं केली. जमिनीवर पडलेले तुम्हाला दिसले, पण अक्षांशात असंच झालं असेल तर तो ठिपका मुकाट्याने समुद्रातच ८३ किलोमीटर सरकतो. दशांशानंतर एकच आकडा असलेल्या सगळ्या नोंदी गाळून घ्या आणि मूळ वहीशी ताडून बघा.

धागा काढणारीकडून

अगदी तसंच निघालं. सूक्ष्म किनाऱ्याने ७ ठिपके पाण्यात आले, घाटातले दोन्ही ७३.५ च होते. एक आकडी नोंदी एकूण ३१ आहेत, वह्या मागवल्या आहेत. खोलीच्या रेषा मारमॅप पॅकेजमधून घेतल्या. समुद्राची खोली ऋण आकड्यांत येते, म्हणून -१८.३, -३६.६ आणि -५४.९ मीटर दिले आणि रेषांवर १०, २०, ३० वाव असं लिहिलं. काकांना मीटर सांगून उपयोग नाही. रविवारी बोट धक्क्याला लागली की नकाशा घेऊन जाणार आहे.