प्रतिसाद: ठपका कुणावर?

वर कुणीतरी म्हटलंय की अनैतिक काय ते धर्म ठरवतो आणि कायदा नुसता मागनं शिक्का मारतो. निम्मं पटलं. पण आमच्या कोल्हापुरात एकदा उलटं झालंय ते इथं कुणीच काढलं नाही. शाहू महाराजांनी १९२० च्या जानेवारीत औरस-अनौरस संतती आणि जोगतिणींबद्दल, म्हणजे देवीला सोडलेल्या बायांबद्दल, कायदा केला. लोक त्याला नुसता देवदासी बंदीचा कायदा म्हणून मोकळे होतात, पण त्यातली खरी गोम वारसाहक्काची आहे, म्हणजे जिला देवाला सोडली तिचा आईबापाच्या इस्टेटीवरचा हक्क तसाच राहणार आणि लग्नाबाहेर झालेल्या पोरालाही वाटा मिळणार. धर्माच्या नावावर जे चाललं होतं त्याला दरबारनं चूक ठरवलं, आणि पोराच्या माथ्यावरचा ठपका काढायला बघितलं. (विधवा विवाहाचा कायदा त्याच्याही आधी, १९१७ चा.)

आता समाज त्याच्यामागनं गेला का, तर कुठलं काय! ओढ्यावरच्या रेणुकेच्या आंबील यात्रेला जावा, जोगतिणीच्या डोक्यावरच्या जगाला, म्हणजे देवीच्या टोपलीला, हळदकुंकू वाहायला, पाया पडायला ही गर्दी असते, आणि त्यातलाच आमच्या गल्लीतला एक घरमालक तिला खोली भाड्यानं द्यायची म्हटल्यावर 'आमचं फॅमिलीचं घर हाय' म्हणून मोकळा झाला. सोडणाऱ्या आईबापाला, रात्री दार वाजवणाऱ्याला मात्र कुणी काही विचारत नाही. तेव्हा दोष धर्माचा का कायद्याचा एवढ्यावरच भांडू नका, घरमालकांचंपण बघा की जरा.