तेरा वर्षांच्या सखूची शिवारफेरी: कमी करू, बदलू की बंदच करू?

पाणंद:

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबण लावून लिहिते आहे, कारण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट येतील.

खडकवासल्याच्या बॅकवॉटरला लागून, गोऱ्हे बुद्रुकच्या बाजूला आम्ही राहतो. पोस्टातून निवृत्त झाल्यावर शहरातली जागा मुलाकडे सोपवून इकडे आलो. सखू आमची गावठी कुत्री, तेरा वर्षं पूर्ण झाली. तांबूस अंग, डाव्या कानाचं टोक लहानपणीच गेलेलं, तोंड आता पांढरं झालंय. सकाळची शिवारफेरी हा तिच्या दिवसाचा गाभा आहे. मी चप्पल शोधायच्या आत ती दाराशी बसलेली असते.

फेरीला ती एकटी नसते. बंड्या हा चार वर्षांचा लॅब्रॅडॉर, मुलाने आणून दिलेला. आणि भुरी. भुरी आमची नाही. वरच्या आळीतल्या एका शेतकऱ्याकडे ती शेळ्यांमागे असते, पण शेळ्या सुटायच्या आधी रोज आमच्या फाटकाशी हजर. कुणी बोलावत नाही, खायला मागत नाही, फेरी संपली की आपली आपण परत जाते. भुरी पिल्लू होती तेव्हापासून सखूच्या मागे फिरली आहे, आणि कुठल्या बांधावरून वळायचं हे आजही सखूच ठरवते.

वाट अशी: पाणंदीने खाली, भातखाचरांच्या बांधावरून पाण्यापर्यंत, मग काठाकाठाने म्हसोबाच्या दगडाशी आणि तिथून चढ चढून मागच्या बाजूने घर. पाणी उतरलं की काठाचा गाळ उघडा पडतो, त्यावर बंड्या आणि भुरी सुसाट पळतात. थंडीत चक्रवाकांच्या जोड्या बसलेल्या असतात, त्यांच्या दिशेने बंड्या ओढ घेतो म्हणून त्याला तेवढ्या पट्ट्यात साखळी असते.

दिवाळीनंतर सखूचं चालणं बदललं. सकाळी उठताना पुढचे पाय आधी, मग थांबून मागचा भाग वर. बांधावर चढताना कंबर डावीकडे कलते. सिमेंटच्या रस्त्यावर खर्र खर्र आवाज येतो म्हणून परवा पाय हातात घेऊन पाहिला, तर डाव्या मागच्या पायाची मधली दोन नखं वरच्या बाजूने घासून सपाट झालीत. उजव्याची ठीक आहेत. डोळ्यांत निळसर झाक आली आहे आणि मागून टेम्पो आला तरी तिला कळत नाही.

घरातल्यांचं म्हणणं, आता तिला अंगणातच फिरव, बंड्याला घेऊन तू जा. मला ते पटत नाही. आम्ही तिला ठेवून निघालो तर ती फाटकाशी उभी राहून ओरडते, तसं ती एरवी कधीच ओरडत नाही. पण नेलं की ती त्या दोघांच्या बरोबरीने चालायला बघते आणि परतीच्या चढावर थकून बसते. तिला त्रास न होता ही फेरी चालू ठेवता येईल का? किती अंतर? आणि सोबतच्या दोघांचं काय करायचं?

तळजाईवाला:

ताई, आमची लॅब साडेचौदा वर्षं जगली. शेवटची दोन वर्षं मी तुमच्याच जागी होतो, म्हणून लिहितो.

सगळ्यात उपयोगी पडलं ते म्हणजे तरुण कुत्र्याची फेरी वेगळी काढणं. आमचा धाकटा आधी माझ्या मुलीबरोबर तळजाईच्या टेकडीवर पळून यायचा, दमायचा, मग म्हातारीबरोबर पुन्हा एक छोटी फेरी. तेव्हा तो ओढत नसे. दमलेलं तरुण कुत्रं म्हातारीच्या चालीने चालतं, ताजंतवानं चालत नाही.

दुसरं, अंतराचा हिशोब सोडा. कुत्र्याची फेरी नाकाने होते. आमची एकेका बुंध्याशी इतका वेळ थांबायची की लोक विचारायचे काय झालं. मी थांबायचो. घरी आल्यावर ती पूर्वी लांब फिरून आल्यावर झोपायची तशीच गाढ झोपायची. सकाळी एक मोठी फेरी करण्याऐवजी सकाळ-संध्याकाळ दोन छोट्या करा. आणि परतीला चढ येणार नाही अशी वाट धरा. चढ असलाच तर सुरुवातीला, अंगात दम असताना.

पशुवैद्य, कोथरूड:

वरचा सल्ला चांगला आहे, पण त्याआधी एक. तुम्ही नखांचं जे लिहिलंय ते फार नेमकं पाहिलंत, आणि ते मला संधिवातापेक्षा वेगळं वाटतं. नुसते सांधे दुखत असतील तर कुत्रं पाय जपून टाकतं, लंगडतं. नखं वरून घासली जातात याचा अर्थ पंजा पुरता उचलला जात नाही, जमिनीवरून ओढला जातो. तेव्हा मणका आणि नसांचं तपासायला हवं.

घरी एक करून पाहा. तिला घसरणार नाही अशा जागी उभी करा, पोटाखाली हाताचा आधार द्या आणि मागचा पंजा हलकेच उलटा ठेवा, वरची बाजू जमिनीला लागेल असा. निरोगी कुत्रं क्षणात तो सरळ करतं. उशीर लागला किंवा तसाच राहिला तर लगेच डॉक्टरांना दाखवा, एक्स-रे लागेल.

बाकीच्या गोष्टी. डोळ्यातली निळसर झाक बहुतेक वेळा वयाने भिंग घट्ट झाल्याची असते, मोतीबिंदू नव्हे, दिसत असतं. मात्र कमी उजेडात अशी कुत्री बिचकतात. रक्त तपासून घ्या. दुखण्याच्या गोळ्या मूत्रपिंड आणि यकृत पाहूनच द्यायच्या असतात. माणसांच्या गोळ्या अजिबात नकोत: आयब्रुफेन, डायक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल यांनी कुत्री दगावतात, आणि देणाऱ्याने मायेनेच दिलेली असते. त्याच रक्तात गोचीडतापही पाहायला सांगा. आपल्याकडे पावसाळ्यानंतर ‘वय झालं म्हणून मंदावली’ असं वाटणाऱ्या कितीतरी कुत्र्यांचे प्लेटलेट्स खाली आलेले सापडतात. हिरड्या फिकट वाटल्या किंवा लघवी लालसर-काळपट झाली तर थांबूच नका.

किती चालवायचं याचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी मिळतं. नेहमीपेक्षा जास्त आखडून उठली तर आदल्या दिवशी जास्त झालं. रोज सारखं चालणं चांगलं. आठवडाभर अंगणात आणि रविवारी लांब, हे सगळ्यात वाईट. पूर्ण बंद करू नका. मागच्या पायांचे स्नायू न वापरल्याने झपाट्याने उतरतात, आणि या वयात गेलेले स्नायू परत येणं अवघड असतं.

खाचरवाला:

राम राम ताई. आम्ही तुमच्या पुढंच, पानशेत रस्त्याला. डॉक्टरांनी औषधाचं सांगितलं, मी रानाचं सांगतो.

उजाडल्याबिगर बाहेर पडू नका. आपल्या भागात बिबट्या आहे, तुम्हाला माहीत असंलच. कुत्रं त्याला सोपं सावज. त्यातही जे मागं राहतं, ज्याला चाहूल लागत नाही, तेच तो आधी धरतो. तुमची सखू आता नेमकी तशी झालीय. तिघांत ती कधीच शेवटी नको. तुम्ही तिच्या मागं चाला. जानेवारीत सूर्य सातनंतरच वर येतो, तोवर दम धरा.

भात काढल्यावर खाचरात पेंढ्याच्या गंजी असतात, त्याखाली उंदीर आणि उंदरामागं घोणस. घोणस पळत नाही, जागेवर बसून फुसकारते. ऐकू येणारं कुत्रं त्या आवाजानं मागं सरतं. सखूला तो आवाज यायचा नाही. गंजीपासून लांबनं न्या.

डुकरांसाठी काही जण तारेत करंट सोडतात. ते बेकायदा आहे, तरी चालतं. ओळखीच्या बांधावरनंच जावा आणि नवी तार दिसली तर मालकाला विचारल्याशिवाय पुढं नको.

आणि कुसळं. गवत वाळलं की घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या रोज उघडून बघा. कुसळ एकदा कातड्यात शिरलं की पुढं पुढंच सरकतं, मागं येत नाही. आमच्या राखणीच्या कुत्र्याच्या पंज्यातनं शिरलेलं पार वर पोटरीत गळू होऊन निघालं.

भुरीबद्दल म्हणाल तर काळजी नको. शेळ्यांमागचं कुत्रं मागं राहिलेल्याची वाट बघतंच. तिला तेच काम.

पाणंद:

सगळ्यांचे मनापासून आभार. लिहायला उशीर झाला कारण दवाखान्याच्या फेऱ्या चालल्या होत्या.

डॉक्टर, पंजा उलटा ठेवून पाहिला. उजवा तिने लगेच सरळ केला. डावा तसाच राहिला आणि ती समोर भिंतीकडे बघत शांत उभी, जणू तो पाय तिचा नव्हेच. मी घाबरले. त्याच दिवशी शहरात नेलं. एक्स-रेमध्ये कमरेच्या शेवटच्या मणक्यांत हाड वाढलेलं दिसलं आणि तिथे नस दबत असावी असं सांगितलं. रक्तात मूत्रपिंड ठीक निघालं, गोचीडताप नाही. गोळ्या सुरू आहेत. उड्या नाहीत, जिने नाहीत, वजन वाढू द्यायचं नाही. घरातल्या गुळगुळीत फरशीवर दारापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत सतरंज्या टाकल्यात. तिने पहिल्याच दिवशी त्यांवरूनच चालायचं हे ओळखलं.

फेरी बदलली. काठापर्यंत जात नाही. पाणंदीने खाचराच्या कोपऱ्यापर्यंत, तिथल्या आंब्याखाली बसायचं आणि त्याच सपाट वाटेने मागे. ऊन अंगावर आल्यावरच निघतो. गंजी डावीकडे सोडून लांबून जातो. मी तिच्या मागे.

बंड्याला यांच्याबरोबर आधी गाळावर पाठवते. तळजाईवाले म्हणाले ते खरं आहे, पळून आलेला बंड्या अगदी वेगळा कुत्रा असतो, सखूच्या खांद्याला खांदा लावून चालतो.

सखूचं थांबणं आता मी नीट बघते आहे. पूर्वी चालण्याच्या नादात लक्षच गेलं नव्हतं. दुसऱ्या खाचराच्या मोरीपाशी रात्री मुंगूस येऊन जात असावं. तिथे ती नाक आधी जमिनीला, मग मोरीच्या ओठाला, मग वर वाऱ्यात, असं क्रमाने लावते आणि शेपटी हळूहळू ताठ होत जाते. बराच वेळ. बंड्या तिथे हुंगून लगेच पुढे जातो. भुरी मात्र सखूचं होईपर्यंत खाली बसते आणि सखू सरकली की मगच त्या मोरीला नाक लावते.

घरातल्यांना आता मी ठामपणे सांगितलंय, तिला पाय आहेत तोवर ती येणार. फेरी तिच्यासाठी आहे, बाकी आम्ही सगळे तिच्याबरोबरचे.

दोन शंका. मोरीवरची पायरी उतरताना तिचा मागचा भाग खचतो, तिथे आधार कसा द्यायचा? आणि मार्चनंतर काय? आताच काही जण म्हणतायत, उन्हाळ्यात बंद ठेव.

तळजाईवाला:

ताई, वाचून बरं वाटलं. उन्हाळ्यात आम्ही सूर्योदयानंतर लगेच निघून अर्ध्या तासात परत यायचो. हाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवा, सोसलं नाही तर तिच्या पंजांनाही सोसणार नाही. तुमच्याकडे मातीची वाट आहे, ती डांबराइतकी तापत नाही, त्यामुळे तुम्ही आमच्यापेक्षा सुखात. संध्याकाळी मात्र जमीन बराच वेळ तापलेली असते, घाई नको. रविवारी पानशेतकडे जाणाऱ्या गाड्या सकाळपासून सुरू होतात, त्या दिवशी रस्ता ओलांडायचा असेल तर साखळी लावूनच.

पशुवैद्य, कोथरूड:

उन्हाळ्यात बंद नको, फक्त लहान. पाणी सोबत ठेवा आणि श्वासाकडे लक्ष असू द्या. कुत्रं धापेनेच अंग थंड करतं. थांबल्यावरही धाप उतरत नसेल, किंवा श्वास घेताना घोगरा, खरखरीत आवाज यायला लागला तर पोटाला-पायांना साधं पाणी लावा आणि थेट दवाखान्यात निघा. काही म्हाताऱ्या कुत्र्यांत घशाची झडप सैल पडते, तेव्हा उष्मा पटकन चढतो.

आधारासाठी जाड टॉवेल किंवा पंचा लांबीला दुमडून वीतभर रुंद पट्टी करा आणि पोटाखालून, मागच्या मांड्यांच्या अगदी पुढे धरा. मादी असल्याने लघवीची जागा मोकळी राहते. दोन्ही टोकं एका हातात, पाठीच्या वर. उचलायचं नाही, नुसता खचणारा भार घ्यायचा. सपाटीवर आली की सोडा, तिला स्वतः चालू द्या. गळ्यातल्या पट्ट्याने वर ओढू नका.

पंधरा दिवसांनी पंजा पुन्हा तपासा. आणि आज तिचा चालताना मागून एक व्हिडिओ काढून ठेवा, महिन्याने तिथेच दुसरा काढा. रोज बघणाऱ्याला बदल जाणवत नाही.

पाणंद:

काढते. पण मागून काढताना भुरी मध्ये येते, ती हल्ली सखूच्या शेपटीला लागूनच चालते. चालेल का?

पशुवैद्य, कोथरूड:

चालेल. भुरीला एका बाजूने राहू दे, सखूचे मागचे दोन्ही पाय दिसले पाहिजेत. मोबाईल गुडघ्याच्या उंचीवर धरा आणि सिमेंटच्या तुकड्यावर काढा, म्हणजे नखांचा आवाजही येईल.