आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या व्यक्तींमधील आवेगशीलता: स्वभाव की त्या वेळची अवस्था?

मनोविद्यार्थिनी

नमस्कार. मी मानसशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकत असून, आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या व्यक्तींचे व्यक्तिमत्त्व आणि त्यांची आवेगशीलता हा विषय प्रबंधासाठी घ्यावा असा विचार आहे. आराखडा साधा आहे: प्रयत्नानंतर रुग्णालयात दाखल झालेल्या व्यक्तींना बॅरट यांची तीस विधानांची आवेगशीलता प्रश्नावली आणि पंचघटक व्यक्तिमत्त्व चाचणी द्यायची, तितक्याच निरोगी व्यक्तींना त्याच चाचण्या द्यायच्या आणि दोन्ही गटांच्या सरासरी गुणांची तुलना करायची.

वाचन वाढले तसा माझा गोंधळही वाढला. जे. जॉन मान आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ३४७ मनोरुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बाहेरून मोजलेली आजाराची तीव्रता सारखीच असूनही, प्रयत्न केलेल्यांमध्ये आयुष्यभराची आक्रमकता आणि आवेगशीलता अधिक होती, असे त्यात आढळले. उलट २०१४ मध्ये अनेस्टिस आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासून, आवेगशील स्वभाव आणि आत्महत्येचे वर्तन यांतील संबंध समजला जातो त्यापेक्षा पुष्कळच क्षीण आहे, असा निष्कर्ष काढला. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतील?

चिकित्सालयीन

प्रश्न चांगला आहे. मात्र त्याचे निम्मे उत्तर तुमच्या आराखड्यातच दडलेले आहे. निरोगी व्यक्तींशी तुलना केली तर जवळजवळ प्रत्येक प्रतिकूल गुणविशेषात फरक दिसेल: भावनिक अस्थिरता जास्त, बहिर्मुखता कमी, हताशा जास्त, आवेगशीलता जास्त. परंतु हा फरक आत्महत्येच्या प्रयत्नामुळे दिसतो की नैराश्य, व्यसन किंवा व्यक्तिमत्त्व विकारामुळे, हे त्या तुलनेतून कधीच कळणार नाही. किमान तीन गट हवेत: प्रयत्न केलेले, आत्महत्येचे विचार येऊनही प्रयत्न न केलेले आणि तोच आजार असूनही तसे विचार न आलेले. पहिल्या दोन गटांना समोरासमोर ठेवले की बहुतेक फरक आक्रसतात. हताशा विचार कोणाच्या मनात येतील हे बऱ्यापैकी सांगते, पण त्या विचारांपुढे जाऊन कृती कोण करील हे फारसे सांगत नाही.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ‘आवेगशीलता’ या एका नावाखाली आपण तीन निरनिराळ्या गोष्टी मोजत असतो. व्यक्तीचा वर्षानुवर्षांचा स्वभाव ही एक, तो विशिष्ट प्रयत्न किती पूर्वनियोजित होता ही दुसरी आणि त्या घटकेला मनाची अवस्था काय होती ही तिसरी. बाका-गार्सिया आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये पहिल्या दोन गोष्टींची सांगड घालून पाहिली, तेव्हा त्यांच्यात अपेक्षित नाते आढळले नाही. शांत, विचारी स्वभावाच्या माणसाकडून अचानक प्रयत्न घडू शकतो आणि उतावळ्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्यक्तीचा प्रयत्न पुष्कळ आधीपासून ठरलेला असू शकतो. डोम्ब्रोव्स्की आणि सहकाऱ्यांनी वयस्क व्यक्तींवर केलेल्या २०११ च्या अभ्यासात तर असे दिसले की, अधिक गंभीर प्रयत्न केलेल्या व्यक्ती मोठ्या लाभासाठी थांबण्यास कमी गंभीर प्रयत्न केलेल्यांपेक्षा अधिक तयार होत्या. आवेगशीलतेच्या ठोकळेबाज कल्पनेत हा निष्कर्ष बसत नाही.

शिवाय केवळ एकूण गुणांवर विसंबू नका. व्हाइटसाइड आणि लिनम यांनी २००१ मध्ये आवेगशीलतेचे चार पदर वेगळे केले: तीव्र भावनेच्या भरात कृती करणे, पूर्वविचाराचा अभाव, चिकाटीचा अभाव आणि थराराची ओढ. आपल्या विषयाशी त्यांतला पहिला पदर सर्वांत जवळचा आहे. थरार शोधणाऱ्या आणि दुःख असह्य झाल्यावर काहीतरी करून ते थांबवू पाहणाऱ्या अशा दोन व्यक्तींना एकाच बेरजेत सारखे गुण मिळू शकतात, आणि मग सरासरीतून हाती काहीच लागत नाही.

रात्रपाळी

मी मनोविकार विभागात परिचारिका म्हणून काम करते, त्यामुळे कधी मोजायचे याविषयीच लिहिते. प्रयत्नानंतरच्या पहिल्या काही दिवसांत व्यक्ती औषधांच्या गुंगीत असते, मद्याचे व्यसन असल्यास ते अचानक तुटल्याची लक्षणे असतात, शरम असते, आणि कधीकधी सुटल्यासारखे वाटण्याचा फसवा शांतपणाही असतो. अशा वेळी भरून घेतलेल्या चाचणीला ‘व्यक्तिमत्त्व’ म्हणणे मला पटत नाही. नैराश्यात असताना भावनिक अस्थिरतेचे गुण वाढलेले दिसतात आणि आजार उतरला की त्यांपैकी काही भाग खाली येतो. शक्य असल्यास तीच चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा घ्या.

नातेवाइकांकडून माहिती घेणार असाल तर तीही जपून घ्या. घटना घडल्यावर प्रत्येकाला जुन्या आठवणींत तिचे कारण दिसू लागते. एरवी ज्याला घरचे लोक ‘हळवा’ म्हणत असत, तोच ‘पहिल्यापासून उतावळा’ ठरतो.

अनामिक वाचक

या चर्चेत संशोधक म्हणून नव्हे, तर ज्यांच्यावर संशोधन होते त्यांच्यापैकी एक म्हणून लिहितो. काही वर्षांपूर्वी मी आत्महत्येचा प्रयत्न केला होता. रुग्णालयातील माझ्या नोंदींत ‘आवेगाच्या भरात’ असे लिहिले गेले, कारण त्या दिवशीचा निर्णय थोड्या वेळात झाला असे मीच सांगितले होते. त्यामागचे महिने मला कोणी विचारले नाहीत आणि मीही सांगितले नाहीत. पुढे मी नोकरी बदलण्याचा विचार बोलून दाखवला तरी तो आवेगच समजला जाऊ लागला.

माझ्या स्वभावात काही शोधायचेच असेल तर उतावळेपणापेक्षा दुसरेच काही सापडेल. इतरांना माझ्याकडून निर्दोष वागण्याची अपेक्षा आहे, अशी माझी पक्की समजूत होती, आणि मदत मागणे म्हणजे नापास होणे असे मला वाटत असे. तुमच्या प्रश्नावलीत याला जागा आहे का, एवढेच विचारायचे आहे.

चिकित्सालयीन

@अनामिक वाचक, आपण हे लिहिलेत याबद्दल आभार. आपण वर्णन केलेल्या गुणविशेषाचा अभ्यास ह्यूइट आणि फ्लेट यांनी ‘समाजाने लादलेली परिपूर्णता’ म्हणून केला आहे, आणि आत्महत्येच्या विचारांशी त्याचा संबंध पुनःपुन्हा आढळला आहे. मूळ प्रश्नकर्तीने तो अवश्य समाविष्ट करावा.

आपल्या अनुभवातून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. सायमन आणि सहकाऱ्यांच्या २००१ च्या अभ्यासात, जेमतेम वाचलेल्या १५३ तरुण व्यक्तींपैकी सुमारे २४ टक्के व्यक्तींनी निर्णय आणि कृती यांत पाच मिनिटांपेक्षा कमी वेळ गेल्याचे सांगितले. डायझनहॅमर यांच्या २००९ च्या अभ्यासात ८२ पैकी जवळपास निम्म्यांनी दहा मिनिटे किंवा त्याहून कमी काळ सांगितला. हे आकडे शेवटच्या टप्प्याचे आहेत, त्याआधीच्या यातनेचे नाहीत. त्यांवरून माणसाचा स्वभाव ठरवता येत नाही. संकटाची तीव्र लाट बहुधा अल्पकाळाची असते, एवढे मात्र त्यांवरून कळते, आणि म्हणूनच त्या काळात घातक साधन हाताशी नसणे व कोणीतरी सोबत असणे याने जीव वाचतो.

मनोविकारतज्ज्ञ

या गुणविशेषांचा उपयोग कशासाठी करायचा आहे, हे आधी ठरवा. कोण प्रयत्न करील याचे भाकीत करण्यासाठी असेल तर निराशा पदरी येईल. फ्रँकलिन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये पन्नास वर्षांतील ३६५ अभ्यास एकत्र केले, तेव्हा कोणत्याही एका जोखीमघटकावरून केलेले भाकीत निव्वळ योगायोगापेक्षा किंचितच सरस ठरले. चाचणीत कमी गुण मिळाले म्हणून एखाद्याला निर्धास्तपणे घरी पाठवणे धोक्याचे आहे.

उपचार निवडण्यासाठी मात्र हे गुणविशेष उपयोगी पडतात. भावना अनावर होतात हेच ज्यांचे मुख्य दुखणे आहे, त्यांना मार्शा लिनेहान यांच्या डायलेक्टिकल बिहेवियर थेरपीतून यातना सहन करण्याची कौशल्ये शिकवता येतात. १९९१ च्या पहिल्या नियंत्रित चाचणीपासून तिचे परिणाम नोंदले गेले आहेत. स्टॅन्ली आणि ब्राऊन यांचा सुरक्षा आराखडा, म्हणजे धोक्याची स्वतःची चिन्हे, स्वतःला सावरण्याचे उपाय आणि कोणाला फोन करायचा हे शांत असताना लिहून ठेवणे, त्याच अल्पकाळाच्या लाटेसाठी आहे. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत हा आराखडा आणि नंतरचे फोन यांची जोड दिली, तेव्हा पुढील सहा महिन्यांतील आत्महत्येचे वर्तन, नेहमीची सेवा मिळालेल्यांच्या तुलनेत, जवळपास निम्म्याने कमी आढळले. तो अभ्यास २०१८ चा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाच देशांतील चाचणीत तर एक तासाचे माहितीसत्र आणि अठरा महिने ठरावीक अंतराने संपर्क एवढाच उपाय होता. त्या गटात आत्महत्येने झालेले मृत्यू ०.२ टक्के होते, तर नेहमीची सेवा मिळालेल्या गटात २.२ टक्के. यासाठी कोणाचेही व्यक्तिमत्त्व बदलावे लागले नाही.

मनोविद्यार्थिनी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. निरोगी गट वगळून तीन रुग्णगट घेते, आवेगशीलतेचे पदर स्वतंत्र मोजते, परिपूर्णतेची मापिका जोडते आणि चाचणी दोनदा घेते. प्रयत्न किती पूर्वनियोजित होता हे ठरवण्यासाठी कोणते साधन योग्य राहील? आणि असे प्रश्न विचारल्याने सहभागी व्यक्तीला त्रास होईल का?

मनोविकारतज्ज्ञ

अ‍ॅरन बेक आणि सहकाऱ्यांची १९७४ ची हेतू-मापिका वापरा. तिच्यात गुण दिल्या जाणाऱ्या पंधरा मुद्द्यांपैकी पहिले आठ घटनेच्या परिस्थितीवर आणि उरलेले सात व्यक्तीच्या स्वतःच्या कथनावर आधारलेले आहेत. हे दोन भाग निराळे मांडा, कारण ते नेहमी एकमेकांशी जुळतातच असे नाही. आधीच्या महिन्यांविषयी, वर अनामिक वाचकांनी म्हटल्याप्रमाणे, एक खुला प्रश्न स्वतंत्रपणे विचारा.

विचारल्याने आत्महत्येचा विचार मनात रुजतो ही भीती संशोधनाने खरी ठरवलेली नाही. सहानुभूतीने विचारल्यास अनेकांना हलकेच वाटते. पण मुलाखतीच्या वेळी कोणी सध्याही असे विचार येत असल्याचे सांगितले तर त्याच दिवशी त्या व्यक्तीला कोण भेटणार, तिच्याजवळ कोण थांबणार आणि गोपनीयतेची मर्यादा तिला आधी कोणत्या शब्दांत सांगितली जाणार, हे नैतिकता समितीकडे अर्ज करण्यापूर्वी लिहून काढा. तुमच्या मार्गदर्शकांखेरीज प्रत्यक्ष उपचार करणाऱ्या एका डॉक्टरांची लेखी संमती त्या अर्जाला जोडा. तिच्याशिवाय पहिली मुलाखतही घेऊ नका.